इंग्रजीचा शिक्षक: जन्मानें कीं अभ्यासानें?

जपान सरकारनें २०२४ सालच्या जुलै महिन्यांत नव्या नोटा चलनांत आणल्या. त्यांतील पांच हजार येनांच्या नोटेवर त्सुदा उमेको या बाईंचें चित्र आहे. या बाईंचें आयुष्य इंग्रजी शिकविण्यांत गेलें. त्यांच्यापूर्वी, १९८४ सालापासून वीस वर्षें, एक हजार येनांच्या नोटेवर नात्सुमे सोसेकी यांचें चित्र असे. ते कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यांच्या उमेदीचीं वर्षें इंग्रजीच्या मास्तरकींतच गेलीं होतीं. ज्या जागेवर बहुधा राजे व मुत्सद्दी विराजमान व्हावयाचे, तेथें इंग्रजीचे दोन शिक्षक बसलेले पाहून शिक्षकवर्गास थोडा अभिमान वाटला तर त्यांत नवल नाहीं. आणि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या दोघांपैकीं एकाचाहि जन्म इंग्रजी बोलणाऱ्या घरांत झाला नव्हता.

इंग्रजी ज्या देशांत घरोघर बोलली जात नाहीं, तेथें ती कोणी शिकवावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. सामान्य मनुष्यास त्याचें उत्तर तोंडपाठ असतें. ज्याची भाषा त्यानेंच ती शिकवावी. साहेबाची भाषा साहेबाच्या तोंडूनच यावी. जपान, कोरिया, हाँगकाँग वगैरे ठिकाणीं हें उत्तर सरकारी नियमांत जाऊन बसलें आहे, व त्या नियमांवर हजारों तरुणांची भाकरी अवलंबून आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहीं जण पुढें शिक्षक होतील व त्यांतले एक-दोघे परदेशीं जाण्याचीहि इच्छा धरतील. त्यांच्यासाठीं या विषयाची थोडी फोड करावी असा आमचा हेतु आहे. सोयीसाठीं आम्ही दोन शब्द ठरवून घेतों. ज्याची आईच इंग्रजी बोले तो मातृभाषिक, आणि ज्यानें ती पुढें कष्टानें शिकून घेतली तो परभाषिक.

मातृभाषिकच श्रेष्ठ, हें मत सिद्धांत म्हणून मांडलें गेलें तें फार जुन्या काळीं नव्हे. आफ्रिकेंत युगांडा देशांतील माकेरेरे येथें १९६१ सालीं राष्ट्रकुलांतील देशांची एक परिषद भरली. नव्यानें स्वतंत्र होत असलेल्या देशांत इंग्रजी कशी शिकवावी हा तिचा विषय होता. वर्गांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नसावी, आदर्श शिक्षक मातृभाषिक असावा, मुलें जितक्या लहानपणीं शिकूं लागतील तितकें बरें, अशीं मतें या परिषदेच्या विचारांतून पुढें आलीं व ब्रिटिश तज्ज्ञांबरोबर देशोदेशीं पोंचलीं. रॉबर्ट फिलिप्सन यांनीं १९९२ सालच्या आपल्या ग्रंथांत या मतांचा कठोर समाचार घेतला व मातृभाषिकाविषयींच्या समजुतीस स्पष्टपणें भ्रम म्हटलें. फिलिप्सन स्वतः ब्रिटिश होते, हें येथें सांगणें अवश्य आहे. नाहीं तर हा वाद म्हणजे काळ्या-गोऱ्यांचें भांडण असा कोणाचा ग्रह व्हावयाचा.

आतां मातृभाषिकाला आपल्या भाषेविषयीं नेमकें काय ठाऊक असतें, हें पाहूं. त्यासाठीं इंग्लंडास जावयाची गरज नाहीं. आपण सारे मराठीचे मातृभाषिक येथें बसलेलेच आहों. समजा, कोणी परकी पाहुणा मराठी शिकूं लागला आणि त्यानें विचारलें, “घोडा या शब्दाचें घोड्याला होतें, तर राजा याचें राज्याला कां होत नाहीं?” किंवा, “मीं आंबा खाल्ला म्हणतां, मग मीं पाणी प्यालें असें न म्हणतां मी पाणी प्यालों असें कां म्हणतां? मीं धडा वाचला, पण मी धडा शिकलों, हें कसें?” शंभरांतील नव्वद मराठी माणसें यावर एकच उत्तर देतील: “आमच्यांत असेंच म्हणतात.” उत्तर खरें आहे, परंतु तें शिकविणें नव्हे. चार आणि चाक या दोन शब्दांतील च निराळे आहेत, ही गोष्ट तर पाहुण्यानें दाखवून दिल्याशिवाय आपल्यापैकीं पुष्कळांच्या ध्यानांतहि येत नाहीं. जी वाट पायाखालची असते तिच्यावरचे दगड आपण मोजीत नाहीं.

म्हणूनच आपल्या भाषेचे पहिले छापील व्याकरण व कोश परक्यांच्या हातून झाले यांत कांहीं चमत्कारिक नाहीं. विल्यम केरी हे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण अंमलदारांस मराठी शिकवीत, व त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध झालें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं आली, आणि अजूनहि शब्द अडला म्हणजे जाणते लोक तोच उघडतात. मात्र केरींच्या मदतीस वैजनाथ पंडित होते व मोल्सवर्थांच्या मदतीस शास्त्रीमंडळी होती. शब्दाचा अर्थ अमुकच, हा निर्णय शास्त्रीबोवांचा. पण तो शब्द विचारण्याजोगा आहे हें साहेबांस सुचलें. परक्याचें कुतूहल व घरच्याचा कान हीं दोन्ही एकत्र आलीं तेव्हां तें काम उभें राहिलें.

इंग्रजीच्या बाबतींत हाच प्रयोग जपानांत फार मोठ्या प्रमाणावर झाला, म्हणून पुन्हा तिकडे वळूं. १८६८ नंतरच्या जपानी सरकारनें युरोप-अमेरिकेंतून शेंकडों शिक्षक व कारागीर भरपूर वेतनावर आणविले. लाफ्काडिओ हर्न हे १८९० सालीं मात्सुए गांवच्या शाळेंत इंग्रजी शिकवूं लागले. त्यांचे वडील आयरिश, आई ग्रीक, व बाळपण डब्लिनमध्यें गेलेलें. पुढें त्यांनीं जपानी स्त्रीशीं विवाह केला, जपानचें नागरिकत्व घेतलें आणि १८९६ सालापासून ते टोकियोच्या विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागले. त्यांस जपानी भाषा शेवटपर्यंत मोडकीतोडकीच येई. परंतु वर्गांत ते सावकाश, सोप्या शब्दांत, ऐकणाऱ्यास प्रत्येक वाक्य उतरून घेतां येईल अशा बेतानें बोलत. त्यांच्या मृत्यूनंतर विद्यार्थ्यांच्या त्या वह्यांवरूनच त्यांच्या व्याख्यानांचे ग्रंथ तयार झाले. शिक्षकास याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

१९०३ सालीं विद्यापीठानें हर्न यांस निरोप दिला. भारी पगाराच्या परक्यांच्या जागीं आपलीं माणसें नेमावयाचीं हें सरकारचें धोरण होतें. विद्यार्थ्यांनीं हर्न यांच्यासाठीं चळवळ केली, पण ती व्यर्थ गेली. त्यांचें काम तिघांत वांटलें गेलें व त्या तिघांतील एक सोसेकी. हे यापूर्वी मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेंत एका परकी शिक्षकाच्या जागीं नेमले गेले होते, आणि तेथें त्यांस महिना ८० येन मिळत. शाळेच्या मुख्याध्यापकांस ६०. इंग्रजी शिकविणाऱ्याची खुर्ची केवढी उंच समजली जात असे, याची यावरून कल्पना येते. पुढें सरकारनें त्यांस इंग्रजीच्या अभ्यासासाठीं लंडनला धाडलें. तेथील दोन वर्षें त्यांनीं हालांत, एकटेपणांत व पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत काढलीं, आणि परत येतांच ते हर्न यांच्या वर्गासमोर उभे राहिले.

वर्ग अर्थातच रुसलेला होता. त्यांत सोसेकींनीं जॉर्ज इलियटची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी हातीं घेऊन एकेका विद्यार्थ्यास वाचावयास लावलें. उच्चार चुकला कीं थांबविलें, अर्थ चुकला कीं पुन्हा विचारलें. काव्याच्या धुंदींत वावरणाऱ्या त्या तरुणांस हा आपला अपमान वाटला. आमच्या मतें मात्र सोसेकींनीं केलें तें योग्य होतें. आपल्या देशबांधवांचें इंग्रजी कोठें पोकळ आहे हें त्यांस ठाऊक होतें, कारण ती पोकळी त्यांनीं स्वतः ओलांडली होती. हर्न यांस ती दिसण्याचा संभवच नव्हता. थोड्याच महिन्यांत सोसेकींनीं शेक्सपिअर शिकविण्यास घेतला, आणि रुसलेले विद्यार्थी गर्दी करूं लागले. या हकीकतींत कोणी एक जिंकला व दुसरा हरला असें आम्हांस दिसत नाहीं. हर्न यांनीं गोडी लावली होती म्हणूनच सोसेकींची छडी सोसवली, असेंहि म्हणतां येईल.

त्सुदाबाईंची कथा तर या साऱ्या विभागणीसच चकविणारी आहे. १८७१ च्या डिसेंबरांत जपान सरकारनें पांच मुली अमेरिकेस शिक्षणासाठीं पाठविल्या. त्यांत सर्वांत धाकटी उमेको, वय अवघें सहा. वॉशिंग्टनजवळच्या एका अमेरिकन दांपत्यानें तिला पोटच्या मुलीसारखें वाढविलें. १८८२ सालीं, सतराव्या वर्षीं ती मायदेशीं उतरली तेव्हां तिला आपली जपानी भाषा जवळजवळ विसरली होती. आईशीं बोलावयाचें तर मध्यें दुभाषी हवा! आतां या मुलीची मातृभाषा कोणती म्हणावयाची? जन्म पाहिला तर जपानी, जीभ पाहिली तर अमेरिकन. तिनें हळूहळू जपानी पुन्हा शिकून घेतली, सरदारांच्या मुलींच्या शाळेंत नोकरी केली, पुन्हा अमेरिकेंत जाऊन वरचें शिक्षण घेतलें आणि १९०० सालीं टोकियोंत मुलींसाठीं स्वतःची इंग्रजी शाळा काढली. पहिल्या दिवशीं विद्यार्थिनी दहा. त्या काळीं जपानी स्त्रीस प्रतिष्ठेनें पोट भरण्याचे जे थोडे मार्ग होते त्यांत इंग्रजीची शिक्षिका होणें हा एक होता, व तो मार्ग मोकळा करणें हा त्सुदाबाईंचा हेतु होता. त्यांच्या मदतीस ॲलिस बेकन ही अमेरिकन मैत्रीण आली. एक अमेरिकेंत जन्मलेली, दुसरी अमेरिकेंत वाढलेली. दोघींनीं एकाच छपराखालीं शिकविलें. ती शाळा आज त्सुदा विद्यापीठ या नांवानें चालू आहे.

जपाननें इंग्रजी शिकणाऱ्या साऱ्या जगास एक देणगी दिली आहे, तिचाहि उल्लेख केला पाहिजे. हॅरल्ड पामर हे इंग्रज गृहस्थ १९२२ सालीं तेथें गेले व दुसऱ्या वर्षीं टोकियोंत इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था सुरू झाली. ए. एस. हॉर्नबी १९२४ सालीं तेथें शिक्षक म्हणून गेले. जपानी मुलें ज्या चुका करीत त्या इंग्रज मुलें कधींच करीत नाहींत, म्हणून इंग्रजांसाठीं केलेल्या कोशांत त्यांचें उत्तर सांपडत नसे. ‘आय वॉन्ट यू टु गो’ चालतें, मग ‘आय सजेस्ट यू टु गो’ कां चालत नाहीं? कोणत्या क्रियापदापुढें कशी रचना येते याचा हिशेब हॉर्नबी व त्यांचे सहकारी यांनीं बसविला, आणि परभाषिकांसाठींच केलेला त्यांचा कोश १९४२ सालीं टोकियोंत प्रसिद्ध झाला. १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तोच नव्यानें काढला. आज आपल्या ग्रंथालयांतून जो जाडजूड ऑक्सफर्ड कोश विद्यार्थी चाळतात, त्याचा वंश हा आहे. म्हणजे मातृभाषिक शिक्षकहि थोर होऊं शकतो. पण त्यासाठीं आपली भाषा परक्याच्या डोळ्यांनीं पाहावयास त्याला शिकावें लागतें.

परभाषिक शिक्षकाची नुसती स्तुति करून भागणार नाहीं. जपानांतील शाळांत याकुदोकु नांवाची एक पद्धति पिढ्यान्‌पिढ्या चालली. इंग्रजी वाक्यांतील एकेक शब्द घेऊन जपानी क्रमानें मांडावयाचा, अर्थ लावावयाचा व पुढें जावयाचें. अशा रीतीनें सहा-सहा वर्षें इंग्रजी शिकलेला विद्यार्थी परक्या पाहुण्यासमोर मुका उभा राही, कारण शिक्षकहि मुकाच असे. उच्चारांचें तर विचारूं नये. जपानींत ‘न’ सोडला तर प्रत्येक व्यंजनामागें स्वर हवा, म्हणून स्ट्राइक या शब्दाचें सुतोराइकु होतें. र आणि ल यांचा भेद त्या भाषेंत नाहीं. जपानी शिक्षक मुलाची चूक कोठून आली हें चटकन् ओळखतो, परंतु त्याच्या स्वतःच्या तोंडीं तीच चूक असली तर ती दुरुस्त कोणी करावी? आपल्याकडेहि ‘डिस्कस अबाउट’ म्हणणारे शिक्षक थोडे नाहींत. ‘विषयीं चर्चा करणें’ हें मराठी वाक्य त्यांच्या मनांत बोलत असतें. तर्खडकरांच्या पाठमालेवर ज्या पिढ्या पोसल्या त्यांचें व्याकरण पक्कें होतें, पण त्यांतील कितीएकांच्या कानांवर इंग्रजी बोललेलें फारसें पडलेंच नव्हतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं जपाननें १९८७ सालीं एक नवी योजना आंखली. पहिल्या वर्षीं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. पुढें देशांची संख्या पन्नासावर गेली. या तरुणानें जपानी शिक्षकाचा साहाय्यक म्हणून वर्गांत उभें राहावयाचें व दोघांनीं मिळून शिकवावयाचें, ही कल्पना आम्हांस उत्तम वाटते. अडचण अशी कीं, यांतील बहुतेकांस पदवी असली तरी शिकविण्याची विद्या अवगत नसे, आणि जपानी शिक्षकासहि या पाहुण्याचें काय करावें हें समजत नसे. मग पुष्कळ वर्गांतून तो बिचारा धडा मोठ्यानें वाचून दाखविण्यापुरता, जणूं सजीव फोनोग्राफ म्हणून, उभा केला जाई. जेथें दोघांनीं आधीं बसून पाठ आंखला तेथें गोष्ट निराळी झाली.

हंगेरींत हा प्रश्न वेगळ्याच रीतीनें उभा राहिला. १९८९ सालीं तेथें शाळांतील रशियन भाषेची सक्ति उठली आणि सर्वांस इंग्रजी हवी झाली. कालपर्यंत रशियन शिकविणारे शिक्षक स्वतः इंग्रजीचे विद्यार्थी झाले; दुसरीकडे, प्रवासास निघालेला कोणीहि इंग्रज-अमेरिकन तरुण केवळ जिभेच्या बळावर शिक्षक म्हणून खपूं लागला. बुडापेस्टचे पीटर मेद्येश यांनीं १९९४ सालीं परभाषिक शिक्षकावर पुस्तक लिहिलें तें या गडबडींत. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, परभाषिक शिक्षक इंग्रजीच्या बाबतींत मातृभाषिकाची बरोबरी क्वचितच करील, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण हीच उणीव त्याचें भांडवल आहे. शिकून भाषा येते याचा तो चालताबोलता पुरावा असतो, मूल कोठें अडेल हें त्याला आधींच दिसतें, आणि वेळ पडल्यास मुलाच्या भाषेंत दोन शब्द सांगून तो अर्ध्या तासाचा घोळ मिटवितो. या प्रामाणिक मांडणीमुळेंच आम्हांस मेद्येश इतर वादपटूंपेक्षां अधिक पटतात.

पुण्याचें न्यू इंग्लिश स्कूल विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं १८८० सालीं काढलें, वामन शिवराम आपटे त्याचे प्रमुख झाले, पुढें आगरकर येऊन मिळाले. शाळेच्या नांवांतच इंग्लिश. पण शिकविणारे मराठी. त्या शाळेच्या यशानें महाराष्ट्रापुरता तरी हा प्रश्न सुटला होता.

परदेशांत मात्र तो नियमांनीं सोडविला जातो, आणि नियम भाषा न पाहतां पारपत्र पाहतो. दक्षिण कोरियानें १९९५ सालीं परकी इंग्रजी शिक्षक नेमण्याची सरकारी योजना काढली. तिला पात्र देश सात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेंत इंग्रजी ही घरची भाषा सांगणारे शेंकडा ९.६ होते. उलट सिंगापुरांत २०२० च्या जनगणनेप्रमाणें घरांत मुख्यतः इंग्रजी बोलणारे शेंकडा ४८.३ आहेत, पण सिंगापूर त्या सातांत नाहीं! घरची भाषा हीच कसोटी असती तर यादी निराळी झाली असती. खाजगी क्लासांच्या जाहिरातींत ‘मातृभाषिक पाहिजे’ या शब्दांचा अर्थ कितीएकदां ‘गोरा चेहरा पाहिजे’ एवढाच असतो, हें तर या क्षेत्रांतील सर्वांस ठाऊक आहे. हाँगकाँगनें १९९८ सालीं आपली योजना सुरू करतांना थोडें शहाणपण दाखविलें: मातृभाषिक, अथवा त्याच्या तोडीचें इंग्रजी जाणणारा, असे शब्द घातले. इंग्रजी शिक्षकांच्या टीसॉल नांवाच्या मोठ्या संस्थेनेंहि २००६ सालीं, जन्मावरून शिक्षकांत भेद करूं नये असें जाहीर केलें. पण ठराव व नेमणूक यांच्यामध्यें बरेंच अंतर असतें.

भारतीय शिक्षकासाठीं कोरियाच्या दारांत एक लहानशी फट आहे. भारत व कोरिया यांच्यामधील व्यापारविषयक करार १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आला, व त्यांतील कलमामुळें आपल्या देशाचे नागरिक तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जाऊं शकतात. अट अशी कीं, पदवीबरोबर इंग्रजी शिकविण्याची रीतसर सनदहि जवळ असली पाहिजे. सात देशांतील अर्जदारास प्रवेशाचा हाच परवाना कोणत्याहि विषयाच्या पदवीवर मिळूं शकतो. मग ती पदवी शेतकीची असो वा संगीताची. शिकविण्याची विद्या येते कीं नाहीं, हा प्रश्न तेथील कायदा फक्त आपल्या माणसास विचारतो.